सातव्या रकान्यातलं विशेषण

थंडी ही नैसर्गिक बाब असल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार दाखल करून घेण्याची सोय कास्त्रोमेदाच्या नगरपालिकेत नाही. अर्ज मात्र करता येतो. स्पेनमधल्या बुर्गोसच्या पठारावर हिवाळा नोव्हेंबरात येऊन बसतो तो एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि ज्यांच्या घरी शेगडी पेटत नाही त्यांच्यासाठी पालिकेने हिवाळी इंधन-साह्य योजना काढलेली आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कासिल्दाबाईंची शेगडी नवरा गेल्यापासून दुसरा हिवाळा थंडच होती. त्यांनी अर्ज घेतला. नाव, पत्ता, खिडक्यांची संख्या, सगळं भरलं आणि सातव्या रकान्यापाशी अडल्या. तिथे छापलं होतं : ‘अर्जदार ......... आहे. (एकच विशेषण लिहावे.)’

पालिकेतला कारकून ओनोरिनो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता. कचेरी इतकी तापवलेली असे की खिडकी थोडी उघडी ठेवावी लागे.

“गरीब लिहू का रे?” बाईंनी विचारलं. त्यांनी त्याला लंगोटात पाहिलं होतं, त्यामुळे अरेतुरे चाले.

“‘पोब्रे’? छे, छे. तो शब्द तीन वर्षांपूर्वी ठरावाने रद्द झाला. माणसाचा अपमान होतो त्याने. तेव्हापासून गावात एकही गरीब नाही, बाई.”

ही बातमी बाईंना नवीन होती. गावाचं भलं झालं म्हणून त्यांना बरंही वाटलं. मग साडेदहा वाजले आणि ओनोरिनो कॉफीला गेला. तो येईपर्यंत बाई भिंतीवरच्या तापत्या लोखंडी नळ्यांना पाठ लावून बसल्या. दोन महिन्यांत त्यांची पाठ पहिल्यांदाच सरळ झाली.

बऱ्याच विचाराने त्यांनी ‘उमिल्दे’ लिहिलं. म्हणजे साधी, नम्र, बेताच्या घरातली. त्यांची आई स्वतःला तेच म्हणवून घेई. उत्तर नाताळ उलटून, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आलं : नम्रता हा सद्गुण असून सद्गुणांसाठी इंधनाची तरतूद नाही.

दुसऱ्या अर्जात त्यांनी ‘नेसेसितादा’, म्हणजे गरजू, लिहिलं. गरजू लोक चर्चच्या अखत्यारीत येतात, म्हणून कागद तिकडे गेले. पाद्री आबुन्दिओ जातीने घरी आले. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं. गरजूंसाठी लोकरी मोजे गोळा करायचे होते, तेव्हा एका फेरीत दोन कामं. पाद्र्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? बाईंनी स्वतः विणलेले दोन जोड दिले, त्यांतला एक पायांतला काढून. अर्ज परत आला तेव्हा त्यावर शेरा होता : ‘अर्जदार देणाऱ्यांपैकी आहे.’

आता ओनोरिनोलाच वाईट वाटलं. त्याने आवाज खाली आणला.

“‘वुल्नेराब्ले’ लिहा. दुर्बल. सध्या तेच चालतं, वरून आलंय. पण पुढे ‘अति’ लावू नका हं. ‘अति’ लावलंत की एकटीनं राहता येत नाही. गाडी येते आणि शहरातल्या वृद्धाश्रमात नेते.”

“तिथे गरम असतं?”

“असतं ना. पण मग घर बंद.”

बाईंनी ‘अति’ लावलं नाही. आपल्या घरात, आपल्या पलंगावर मरावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते जरा उशिरा व्हावं म्हणून तर शेगडी हवी होती.

दुर्बलांच्या घराची पाहणी होते. गुरुवारी बारा वाजता समाजकल्याणाची नेरेआ येणार असं कळलं, आणि इथे कासिल्दाबाईंनी तेच केलं जे कास्त्रोमेदातली कुठलीही बाई करील. घर घासलं. कानांत लग्नातल्या रिंगा घातल्या. बडीशेपेचा अर्क घातलेली, बांगडीसारखी गोल गोड कडी तळली. शेजारच्या रेमिहियाला फावडंभर निखारे मागितले आणि जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड घातलेल्या गोल टेबलाखाली शेगडी पेटवून ठेवली.

“अगं, तू गारठलीस का ते बघायलाच येतेय ती,” रेमिहिया म्हणाली. “शेगडी कशाला पेटवतेस?”

“म्हणून पाहुणीला गारठवू?”

नेरेआने टेबलाखाली पाय घातले. सकाळपासून सात घरं फिरून तिचे पाय बधिर झाले होते. तिने चार कडी खाल्ली, दोनदा डुलकी काढली आणि जाताना बाईंचा गालगुच्चा घेतला. अहवालात तिने घरापुढे ‘आकोहेदोरा’ लिहिलं, म्हणजे आपुलकीचं, ऊबदार. पोरगी मनाने चांगली होती. तिला बाईंचं कौतुकच करायचं होतं.

‘ऊबदार घरात थंडी का वाजते’ या मुद्द्यावर तीन जणांची समिती नेमली गेली. समितीने शब्दकोश मागवला. कोश येईपर्यंत फेब्रुवारी गेला, वाचेपर्यंत मे. या काळात बाई नवऱ्याचा कोट घालून झोपत आणि सकाळी अर्जाची चौकशी करायला कचेरीत येऊन बसत. अर्जदार गालांवर लाली घेऊन रोज हसतमुखाने येते, अशी नोंद समितीने घेतली. निकाल जूनमध्ये लागला. अर्जदार ‘फ्रिओलेरा’ आहे, म्हणजे चारचौघांपेक्षा जास्त थंडी वाजणारी. हा स्वभाव आहे, परिस्थिती नव्हे. सबब अर्ज निकाली.

पालिका मात्र निष्ठुर नाही. ऑगस्टच्या उत्सवात बँड वाजला आणि महापौरांनी कासिल्दाबाईंना कोरलेली पाटी दिली. तिच्यावर एकच विशेषण होतं, ‘दिग्ना’. स्वाभिमानी. या बाईंनी आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरला नाही, असं महापौर म्हणाले. बाईंच्या अर्जांना आवक क्रमांक देणाऱ्या ओनोरिनोने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. रेमिहिया रडली.

बाईंनी पाटी उलटीसुलटी केली, बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाहिली आणि हळूच विचारलं, “ओनोरिनो, लाकडीच आहे ना रे?”

“अस्सल ओक, बाई.”

“मग ठीक.”

नोव्हेंबरात स्वयंपाकघरातल्या चुलीत ती पाटी पाऊण तास चांगली पेटली. एवढ्या सगळ्या विशेषणांत बाईंना उपयोगी पडलेलं ते एकच.

तुमच्याही ओठांवर एव्हाना ‘बिचारी’ आलंच असेल. चांगला शब्द आहे, मनापासून आलेला आहे. सातव्या रकान्यात अजून जागा आहे. लिहा, आणि किती वेळ जळतो तेवढं बघा.