दोन पदव्यांचं स्थळ

"सर, जी माणसं डॉक्टरही होत नाहीत आणि इंजिनीअरही होत नाहीत, त्यांचं पुढं काय करतात?"

हा प्रश्न भर सभेत विचारला तर एक मसाला डोसा, अशी पैज हर्षिताने आणि वर्गातल्या इतर पोरींनी संयोगिताशी लावली होती. प्रसंग, दहावी उत्तीर्णांसाठी मोफत करिअर मार्गदर्शन शिबिराचा. जागा, जयनगरातला एक कल्याणमंडप. साल एकोणीसशे शहाण्णव.

मनुष्यजात ही सृष्टीतली सर्वांत प्रगत जात असून बेंगळुरात तिच्या दोनच पोटजाती आढळतात, हे सर्वमान्य आहे. एक इंजिनीअर, दुसरी डॉक्टर. (तिसरी पोटजात म्हणजे या दोघांचे आईबाप. चौथीची नोंद नाही.) त्यामुळे प्रश्न ऐकताच मंडपातल्या सगळ्या माना संयोगिताकडे वळल्या. मार्गदर्शक हयवदन सर व्यासपीठावर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत बसले होते. दुसरी खुर्ची मांडवाच्या मालकाने दिली नव्हती. सरांनी आजवर तीनशे बारा मुलांना मार्गदर्शन केलं होतं आणि तीनशे बाराही जणांना इंजिनीअरिंगच सांगितलं होतं. मार्गदर्शनात इतकी एकवाक्यता क्वचितच पाहायला मिळते.

सरांनी पिशवीतून एका अमेरिकी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक काढलं आणि एखादा दुर्मिळ आजार दाखवावा तसं सर्वांना दाखवलं.

"असं करतात. एकाच वेळी दोन पदव्या. एक बिझनेसची, एक अँथ्रोपॉलॉजीची, म्हणजे मानववंशशास्त्राची. एकीत माणूस समजून घ्यायचा, दुसरीत त्याला काय विकायचं ते ठरवायचं. पदवीनंतर आणखी तीन वर्षं."

हे त्यांनी भीती घालण्यासाठी सांगितलं होतं. संयोगिताने ते उत्तर म्हणून घेतलं. (मार्गदर्शन शिबिरात कुणाला मार्गदर्शन झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.)

घरी परिस्थिती गंभीर होती. पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, फॉर्म शुक्रवारी द्यायचा होता, आणि संयोगिताला सत्त्याऐंशी टक्के पडले होते. पंचावन्न पडले असते तर पोरगी सुटली असती. हवं ते शिकायला लागणारी पात्रता आपल्याकडे तीच आहे. सत्त्याऐंशी टक्केवालीला मात्र सायन्सशिवाय इलाज नसतो. सायन्सच्या चौकटीवर खूण झाली की दोन पदव्यांचा विषय जन्मभरासाठी मिटणार, हे तिला कळत होतं. घरच्यांनाही कळत होतं, म्हणूनच ते इतके शांत होते.

गुरुवारी संध्याकाळी बैठक बसली. हजर: वडील जयसिंगराव (यशवंतपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर), आई, आणि वडिलांची थोरली बहीण सकवारबाई, जिला घरात लहानथोर सगळे अक्काच म्हणत.

"अप्पा, मला माणसांचा अभ्यास करायचाय," संयोगिता म्हणाली. "कोण कुणाशी कसं वागतं, लग्नं कशी ठरतात, कोण कुणाकडं जेवत नाही."

"त्याला अमेरिका कशाला?" अक्का म्हणाल्या. "मी आहे की."

हे खरं होतं. सतराव्या शतकात मराठा फौजेबरोबर बेंगळुरात येऊन इथंच राहिलेल्या त्यांच्या समाजाची जयनगरापासून के. आर. पुरमपर्यंतची समग्र पाहणी अक्कांनी चाळीस वर्षांत एकहाती पूर्ण केली होती. कुळ, देवक, कुणाची सून वेगळी चूल मांडून आहे, कुणाचा धाकटा दोन वर्षं 'गावाला' गेलाय, सगळं तोंडपाठ. वही नाही, टेपरेकॉर्डर नाही, विद्यापीठाचं अनुदान नाही. साधन एकच, लग्नाची पंगत.

"शिकू दे की," अक्का पुढं म्हणाल्या. "पण स्वल्प हिशोब करा. मुलीपेक्षा मुलाला एक पदवी जास्त लागते. हिला दोन म्हणजे मुलाला तीन. आपल्यात तीनवाला एकच आहे."

"कोण?" आईने आशेने विचारलं.

"के. आर. पुरमचे शरच्चंद्र. वय एकोणपन्नास. तिसरी अजून चालूच आहे."

आईने पदर सावरला. "मग हिला एकच करू दे बाई."

जयसिंगराव समंजस गृहस्थ होते. मुलीच्या शिक्षणाला त्यांचा कधीच विरोध नव्हता. विरोध फक्त ती जे शिकू पाहत होती त्याला होता. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर तडजोड मांडली. पीयूसी सायन्स, अठराव्या वर्षी. इंजिनीअरिंग, बाविसाव्या. नोकरी. मग बिझनेसची पदवी (कुणी विचारलं तर सांगायला बरी). मग लग्न. मग मुलं. मुलांची दहावी झाली की मानववंशशास्त्र, वय वर्षं त्रेचाळीस, सासरची हरकत नसल्यास.

"बघ, तुझं काहीच नाकारलेलं नाही," ते म्हणाले. "नुसता क्रम बदललाय."

"सरी," अक्कांनी शिक्कामोर्तब केलं. "पण उद्या साडेदहाला राहुकाळ लागतो. शुभ काम त्याच्या आधी सुरू झालं पाहिजे. बारानंतर बाकीचं बघू."

म्हणून शुक्रवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी जयसिंगरावांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली. कोऱ्या कागदावर सही करू नये, असा बोर्ड त्यांनी स्वतः कारखान्यात लावला होता. पण राहुकाळ कारखान्याच्या नियमांत बसत नाही. सही झाली, पेनाला टोपण लागलं, अप्पा पेपर वाचायला गेले. फॉर्म देवापुढे सुपारीखाली ठेवला गेला. चौकटी सगळ्या रिकाम्या.

संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अक्का, राहुकाळात नवीन काम सुरू करायचं नाही ना?"

"छे छे."

"आणि आधी सुरू झालेलं?"

"ते चालतं गं. चालू काम थांबवायचं नसतं. थांबवलं तर उलट वाईट."

शास्त्रार्थ पूर्ण झाला. सही दहा बावीसला झाली होती, म्हणजे काम चालू होतं. ते न थांबवणं आता संयोगिताचं कर्तव्यच ठरत होतं. शिवाय कुणी हरकत घेतली असती तर हरकत हे नवीन काम झालं असतं, आणि बारापर्यंत त्याला बंदी होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी बैठक पुन्हा बसली. आईने कॉफी आणली. जयसिंगरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि सुपारी उचलली. खाली फक्त पोचपावती होती, कॉलेजच्या शिक्क्यासकट. त्यांनी ती एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हिस्टरी, इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजी," ते हळू म्हणाले. "आर्ट्स?"

"हो अप्पा. फॉर्म दिला. परत घेत नाहीत, मी विचारलं. दोन पदव्या मी करणार. क्रम माझा."

"सत्त्याऐंशी टक्के," आई म्हणाली आणि खाली बसली.

"सही मीच लवकर करायला लावली," अक्का स्वतःशीच म्हणाल्या.

जयसिंगरावांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं. "आणि माणसांचा अभ्यास करायला जंगलात जाणार? कुठल्या जमातीत राहणार तू?"

"जंगलात कशाला? आई, अप्पा, माझी जमात पण ठरलीय," संयोगिता म्हणाली. "दुसऱ्याच्या पोरीने आर्ट्स घेतल्याची गोष्ट वाचून जे गालात हसतात, 'शाब्बास पोरी' म्हणतात, त्यांच्याकडे जाणार. प्रश्न एकच विचारायचा. तुमच्या पोरीचा फॉर्म कुठला भरलात?"