नाना आणि चढत्या भावाची पुस्तकं

शेअर बाजारावरचं पुस्तक हातात आलं की नाना सोळंके आधी अनुक्रमणिकेत तोट्याचं प्रकरण शोधत. ते नसलं तर पुस्तक टेबलावर उपडं ठेवून मला विचारत, "अशोकराव, हा लेखक दुष्काळात टिकंल का?" एकदा त्यांनी एका मंत्र्याच्या आत्मचरित्रातही ते प्रकरण शोधलं. सापडलं नाही, तेव्हा नानांनी नुसती मान हलवली.

मी गेवराईच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. नाना रोज वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेले असत. पूर्वी ते सहकारी तेलगिरणीचे व्यवस्थापक होते. गिरणी बंद पडली, पुढे बायको गेली, आणि नाना पुस्तकांकडे वळले. तीही सगळी एकाच विषयाची. भाव चढतोय तोवर धरून ठेवा, फिरला की सोडून द्या, असं शिकवणारी. तरुण पोरं त्याला 'ट्रेंड फॉलोइंग' म्हणत. नानांनी स्वतः एकही शेअर कधी घेतला नव्हता. पण कोणी तसलं पुस्तक न्यायला लागलं की ते आडवे येत. "कशाला नेतो रं? घरात वरीसभराची ज्वारी हाय का?" पोरं त्यांना चुकवायला मागच्या दाराने येऊ लागली.

त्यातल्या एका पुस्तकाचं फार नाव झालं होतं. त्याच्या आणखी प्रती घ्याव्यात अशी मागणी आली, तेव्हा वाचनालयाच्या समितीने नानांचं मत मागवलं. नानांनी ते दोनदा वाचलं. बैठकीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले.

कॉलेजात वाणिज्य शिकवणारे एक प्राध्यापक आधी बोलले. असं पुस्तक आपल्या तालुक्यात घरोघरी हवं, म्हणाले. मग नाना उठले. नाना पुस्तक फाडून खाणार, असं आम्हाला वाटलं होतं.

"पुस्तकातला नियम खरा हाय," नाना म्हणाले. "आमच्या गिरणीत करडईचा भाव चढला, तवा संचालक म्हणले, धरून ठेवा. धरली. भाव फिरला तरी धरूनच बसले. मी व्यवस्थापक, मीबी गप बसलो. तवा हे पुस्तक वाचलं असतं तर करडई वेळेत इकली असती. मग दुष्काळ पडला. करडई यायचीच थांबली, सभासद ऊसतोडीला गेले. हातात काईच न्हवतं, म्हणून गिरणी गेली."

प्राध्यापक खुशीत म्हणाले, "म्हणजे घ्यायचं ना पुस्तक?"

"एक प्रत हाय तेवढी पुरे. लेखकानं जिंकलेल्यांचीच नावं दिलीत. हाच नियम पाळून जे बुडाले, ते कुठं गेले? आन् तोच सांगतो की बारीक बारीक तोटे येत राहतात, दम धरा. तो दम धरताना माणसाच्या घरी काय होतं, ते अख्ख्या पुस्तकात न्हाई. स्तुती झाली तेवढं मोठं न्हाई हे. लबाड न्हाई, पण अर्धंच लिहिलंय."

प्राध्यापकांनी मागणीचा कागद घडी करून खिशात ठेवला. समितीने नवीन प्रत घेतली नाही.

परत जाताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. "नाना, या पुस्तकांचा एवढा नाद कशापायी?" मी विचारलं.

ते म्हणाले, "आमचा पोरगा, प्रकाश, पुण्याला हेच करतो. नोकरी सोडली. मी म्हणलो, हा सट्टा हाय. तो म्हणला, आधी वाचा, मग बोला." चपलेत गेलेला खडा काढायला ते थांबले. "वाचत बसलो. त्याची आई होती तवा तीच फोन करायची. आता कुणी करत न्हाई."

त्यानंतर काही आठवड्यांनी प्रकाश आला. मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. बापलेक शेजारच्या बाकावर येऊन बसले. प्रकाशची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. बरेच दिवस नीट जेवला नसावा.

"नाना, वाचलं का ते पुस्तक?" त्याने विचारलं.

"वाचलं."

"कसं वाटलं?"

अख्ख्या समितीला गप्प करणारा तो माणूस खाली बघत बशी फिरवत राहिला. "तू सांग," ते म्हणाले. "मी ऐकतो."

प्रकाश सांगत गेला. आधी जोरात, हातवारे करत. हळूहळू आवाज उतरला. "नियम सगळे पाळले, नाना. तरी सारखं चुकतंच चाललंय," म्हणाला आणि थांबला. नानांनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"चल घरी," नाना उठत म्हणाले. "पिठलं-भाकरी करतो."

प्रकाशने चमकून वर पाहिलं. "तुमी करता भाकरी?"

"सुरुवातीला लई करपल्या," नाना म्हणाले आणि त्याची बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली. "आता जमत्यात."