आजीसाहेबांचा दगड

एका जंगलात एक तळं होतं, मुलांनो, आणि त्या तळ्यात चक्क पाणीही होतं. फार जुनी गोष्ट आहे, हे त्यावरूनच ओळखा.

ज्याला तहान लागेल त्याने यावं, प्यावं, जावं. वाघ आला की बाकीचे जरा बाजूला सरत. तो गेला की पुन्हा येत. याला कुणी नियम म्हणत नसे. याला अक्कल म्हणत.

मग एका उन्हाळ्यात तळं आटायला लागलं. अशा वेळी काय करायला हवं? बरोबर, गाळ काढायला हवा. पण गाळ काढला की हातपाय घाण होतात. म्हणून वाघमहाराजांच्या दिवाणाने, म्हणजे मुंगसाने, गाळाऐवजी नियम काढला.

"ज्याचं घराणं या जंगलात सर्वांत आधी आलं, तो सर्वांत आधी पिईल," दिवाण म्हणाला. "तो प्यायल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. पुरावा म्हणून पूर्वज आणावा. साधं हाड चालणार नाही, दगड झालेलं हवं. त्याला जीवाश्म म्हणतात. पुरावा येईपर्यंत आत्ता आहे तीच रांग राहील."

पाणी कमी झाल्यापासून लागणारी ही रांग म्हणजे पहिले वाघमहाराज, त्यांच्यामागे दिवाण, आणि सगळ्यांच्या शेवटी सावळाराम.

सावळाराम हा तरस. दुसऱ्यांनी खाऊन टाकलेलं खायचा, म्हणून त्याला जंगलात कुणी पंगतीला बसवत नसे. त्याची पाठ मागच्या बाजूला उतरती होती. त्यामुळे तो नुसता उभा राहिला तरी आत्ताच कुणाची तरी माफी मागून आल्यासारखा दिसे. त्याची पाळी येईपर्यंत तळ्यात चिखल उरायचा. पिल्लं तो चिखल चोखायची आणि मग दिवसभर खोकायची.

"केसोबा अस्वल जीप घेऊन जीवाश्म शोधायला निघालाय," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "तुम्हीही जा."

"माझे पूर्वज कोण होते, हे माझं मलाच माहीत नाही."

"म्हणून तर जायचं. येताना एखादा पणजोबा घेऊन या. जरा मोठा बघून आणा."

केसोबाची जीप म्हणजे खरं तर कुणा साहेबाची. साहेब जंगल बघायला आला होता. केसोबाने खिडकीत तोंड घालून "काय म्हणता?" एवढंच विचारलं. साहेब काही न म्हणता दुसऱ्या दाराने गेला, तो पुन्हा आलाच नाही. तेव्हापासून केसोबा स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेई.

केसोबाशेजारी पुढे बसले मोरेसर. हे मोर होते आणि विद्वान होते. त्यांचा पिसारा जीपमध्ये मावेना, म्हणून तो मागच्या सीटवरून बाहेर काढला होता. त्या पिसाऱ्याखाली सावळाराम आणि दातेकाकू. दातेकाकू म्हणजे रानडुकरीण. जमीन उकरण्यात त्यांचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांनी वाटेत खायला कंदांचं गाठोडं घेतलं होतं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि कुणाला विचारलं नाही.

नदीपर्यंत सगळा उतारच होता. केसोबाने ब्रेक सोडला आणि सहल निघाली.

"आमचे पूर्वज," मोरेसर म्हणाले, "प्रचंड होते. ताडाएवढे. तोंडात करवतीसारखे दात. शेपटीच्या एका फटक्यात झाडं आडवी व्हायची."

दातेकाकूंनी समोर नाचणाऱ्या तुऱ्याकडे पाहिलं. "मग मध्येच असं काय झालं?" त्यांनी काळजीने विचारलं.

मोरेसरांनी तुरा दुसरीकडे वळवला. सावळारामला त्यांचा हेवा वाटला. निदान त्यांच्याकडे बिघडण्यासारखे पूर्वज तरी होते.

एका वळणावर रस्त्याला दोन फाटे फुटले. केसोबा अर्थातच कुणाला विचारायला तयार नव्हता. त्याने एक रस्ता धरला, मग त्याच आत्मविश्वासाने तो सोडला, मग जीप एका म्हशीसमोर येऊन थांबली. म्हैस रस्त्यात बसली होती, म्हणून शेवटी तिलाच विचारावं लागलं.

"अहो, इकडे जुने दगड कुठे मिळतील?" सावळारामने विचारलं.

म्हैस रवंथ करत विचारात पडली. "इकडचे सगळे दगड जुनेच आहेत," ती म्हणाली. "नवीन हवे असतील तर चौकशी करावी लागेल."

नदी सापडली ती योगायोगाने. कोरडी पडली होती. काठाची दरड उभी कापल्यासारखी उघडी होती आणि तिच्यात काळ्या, करड्या, पिवळट दगडांचे थर एकावर एक बसले होते. मोरेसरांनी मान उंच करून जागा पसंत केली आणि दातेकाकूंनी सुळे लावले.

थोड्याच वेळात एक हाड निघालं. चांगलं लांबलचक, एका टोकाला गाठ असलेलं.

"मांडीचं हाड," मोरेसर थरथरत म्हणाले. "आमच्या घराण्यातलं. काय तो बाक, काय तो डौल. मी याला नाव देणार आहे. सर्वांनी जरा मागे सरा." आणि ते डोळे मिटून नाव सुचण्याची वाट पाहू लागले.

तेवढ्यात कटकन आवाज आला. सावळारामने हाड खाल्लं होतं.

त्याचा इलाज नव्हता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कंद त्याला कुणी दिले नव्हते, आणि हाड अगदी नाकासमोर होतं. "बैलाचं होतं," तो ओशाळून म्हणाला. "गेल्या वर्षीचं असेल."

"तू माझे आजोबा खाल्लेस," मोरेसर म्हणाले.

त्यानंतर कुणी सावळारामला जवळ उभं राहू दिलं नाही. तो आपला लांब, दरडीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि एकटाच उकरू लागला. वास घेऊन काही कळेना. साऱ्या जन्मात ज्या नाकाने त्याला कधी दगा दिला नव्हता, ते नाक तिथे मुकं झालं होतं. दगडाला दगडाचा वास येत होता.

एक करडा दगड त्याच्या पंजातून निसटला, खाली आपटला आणि फुटून दोन झाला. आत गोगलगायी होत्या.

अगदी छोट्या, बोराच्या बीएवढ्या. एकीला चिकटून दुसरी, दुसरीवर तिसरी. प्रत्येकीच्या शंखाचा पीळ जसाच्या तसा होता. त्याने दुसरा दगड फोडला. त्यातही गोगलगायी. काकूंनी आणि केसोबाने उकरलेल्या थरांतही सगळीकडे त्याच. वाघ नाही, अस्वल नाही, डुक्कर नाही, ताडाएवढं तर काहीच नाही.

सावळाराम त्या दगडाकडे बघत बसला. इथे कधीतरी तळं असणार, त्याच्या मनात आलं. ते आटलं असणार, आणि या सगळ्या जणी उरलेल्या चिखलाजवळ जमल्या असणार. अगदी शेवटच्या चिखलाजवळ. त्याला आपली पिल्लं आठवली आणि त्याने तो दगड उचलून जवळ ठेवला.

उन्हं कलली तशी चौघांची बैठक बसली.

"हे फेकून देऊ," मोरेसर म्हणाले. "त्यापेक्षा एखादा गोल धोंडा नेऊ. ते आमच्या पणजीचं अंडं आहे असं मी सिद्ध करेन."

"म्हणजे तुम्ही पहिले?" केसोबाने विचारलं.

"पुराव्यापुढे माझा नाइलाज आहे."

"त्यापेक्षा धोंडा आमचा," दातेकाकू म्हणाल्या. "उकरला कुणी?"

मग बराच वेळ त्या धोंड्यावरून भांडण झालं. धोंडा अजून सापडलेला नव्हता.

"मी काय म्हणतो," सावळाराम लांबूनच म्हणाला. "गोगलगाय पहिली आली तर बिघडलं काय? ती पिऊन पिऊन किती पिणार? एक थेंब. मग आपण सगळेच तिच्यामागे. कुणी कुणाच्या पुढे नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण पहिले नाही, हे त्यांना कसंबसं पचवता येत होतं. शेजारचा पहिला आहे, हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं. दगड न्यायचं ठरलं.

जाताना उतार होता, तसा येताना चढ होता. जीपने त्यांना नेलं होतं, आता त्यांनी जीपला आणलं.

दरबारात सावळारामने दगड वाघमहाराजांसमोर ठेवला. दिवाणाने तो हुंगला, चाटला, उलटा करून पाहिला. खोट काढायला जागाच नव्हती.

"पुरावा मान्य आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "या जंगलात सर्वांत आधी आली गोगलगाय. ती पहिली पिईल. बोलवा तिला."

तळ्याकाठच्या झुडपात, एका दगडाखाली, गोगलगाय सापडली. पण तिने शंखाचं दार लावून घेतलं होतं. गोगलगायी उन्हाळ्यात झोपतात, मुलांनो, आणि पाऊस पडला की उठतात. हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. फक्त नियम करताना कुणी आठवलं नव्हतं.

दातेकाकूंनी दार वाजवलं. केसोबाने हाका मारल्या. मोरेसरांनी तिला उद्देशून भाषण केलं, त्याने तर ती अधिकच गाढ झोपली असावी. दुपार झाली. सगळं जंगल तळ्याकाठी बसून पाण्याकडे बघत होतं आणि कुणालाही पिता येत नव्हतं.

वाघमहाराज उठले आणि पाण्याकडे निघाले.

"महाराज, नियम," मागून एक सांबर हळूच म्हणालं.

महाराज थांबले. नियम त्यांना मोडता आला असता. पण त्यांनी मोडला तर सगळेच मोडतील, आणि सगळे एकदम आले तर वाघ किती असतात? एकच. ते परत येऊन बसले आणि दिवाणाकडे बघू लागले. वाघ तहानलेला असताना आपल्याकडे बघतो, तेव्हा बुद्धी फार झपाट्याने चालते.

"महाराज," दिवाण दगड न्याहाळत म्हणाला, "या शंखांवर बारीक पट्टे आहेत."

"मग?"

"महाराजांच्या अंगावरही पट्टे आहेत. ही गोगलगाय नव्हे. या महाराजांच्या थोरल्या आजीसाहेब. आजीसाहेब झोपल्या असतील, तर त्यांच्या वतीने नातवाने प्यायला शास्त्राची काहीच हरकत नाही."

कुणी हसलं नाही, कारण हसायलाही घसा ओला लागतो. महाराज पुन्हा उठले.

सावळाराम रांगेच्या शेवटी उभा होता. शेजारी गोजराबाई, पायाशी पिल्लं. धाकटं पिल्लू आता खोकतही नव्हतं, नुसतं पडून होतं. सावळाराम साऱ्या आयुष्यात दरबारात एक शब्द बोलला नव्हता. तो पुढे आला.

"पट्टे मलाही आहेत," तो म्हणाला.

खरंच होते. तरसाच्या अंगावर पट्टे असतात. जन्मभर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पट्ट्यांसकट वावरला होता, पण तरसाकडे नीट बघतो कोण?

दिवाणाने दोघांचे पट्टे पाहिले. तरस नातू नाही म्हणावं, तर वाघ तरी नातू कसा? आणि दोघंही नातू नसतील, तर थेट पावसापर्यंत थांबा. वाघमहाराजांनी एकदा तरसाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं. पाणी जास्त जवळचं वाटलं.

"ये भाऊ," ते म्हणाले.

वाघ आणि तरस शेजारी शेजारी प्यायले. पिल्लं प्यायली. सावळारामने त्या उन्हाळ्यात प्रथमच नितळ पाणी पाहिलं आणि त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच बरं होतं.

मग दातेकाकूंनी आपली पिल्लं पुढे केली. रानडुकरांच्या पिल्लांना लहानपणी पट्टे असतातच. मोरेसरांनी पंख उघडून आतल्या रेघा दाखवल्या. खार तर अंगभर पुरावा घेऊन आली. केसोबाच्या छातीवर एकच पांढरा पट्टा होता, पण त्याचा पंजा बघून तोच पुष्कळ आहे असं दिवाणाला वाटलं. दिवाणाच्या अंगावर एकही पट्टा नव्हता. तो काठीने चिखलाचे पट्टे ओढून आला. सांबराला असलं काही सुचलं नाही, म्हणून ते शेवटी गेलं.

तो दगड तळ्याकाठी चौथऱ्यावर बसवला. त्याला कुंकू लावलं, वर छत्री धरली. आजीसाहेबांना शोधून आणणारा म्हणून सावळारामला तिथला मानकरी नेमलं. तो छत्रीखाली बसू लागला. महिन्याभरात त्याची पाठसुद्धा सरळ झाली, असं लोक म्हणत.

यथावकाश पाऊस पडला. तळं काठोकाठ भरलं, सगळं जंगल प्यायलं असतं तरी उरलं असतं. पण रांग तशीच होती. आता ती पाण्यासाठी नव्हती, शिस्तीसाठी होती.

एके सकाळी झुडपातून गोगलगाय निघाली आणि हळूहळू पाण्याकडे सरकू लागली.

"कोण?" सावळारामने विचारलं.

"गोगलगाय. तहान लागली आहे."

"आजीसाहेबांशी नातं काय?"

गोगलगायीने डोळे लांब करून चौथऱ्यावरच्या दगडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ओळखीच्या वाटतात," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच वाटतात," सावळाराम म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम प्रेमळ ठेवला होता. मोठ्या घरात तशीच पद्धत असते. "पुरावा आणलाय?"

"मीच आले आहे."

"तसं चालत नाही, बाई. शेवटी जाऊन उभ्या राहा. सांबराच्या मागे."

गोगलगाय वळली आणि रांगेचं शेवटचं टोक शोधत निघाली. रांग लांब होती. ती अजून चालतेच आहे.

तात्पर्य: आपल्याला कुणी पूर्वज म्हणून मान द्यावा असं वाटत असेल, तर आधी दगड व्हावं. जिवंत असेपर्यंत रांगेत उभं राहावंच लागतं.