जागच्या जागी गोलकीपर

"सूनबाई, इंटरनेटला शिव्या घालण्याआधी कॉम्प्युटरचं ते खोकं उघडून बघ," असं ओरेस्ट म्हणाले, तेव्हाच जोलीनने ऐकायला हवं होतं. पण शहात्तर वर्षांच्या सासऱ्याकडून कॉम्प्युटर शिकायचा? "बघते बाबा," म्हणून तिने विषय मिटवला.

दर रविवारी चार वाजता मूस जॉ गावातून जोलीन आणि तीन तासांवरच्या यॉर्कटनमधून ओरेस्ट ऑनलाइन आइस हॉकी खेळत. एकाच संघात ते गोलकीपर, ती पुढच्या फळीत. सासूबाई गेल्यापासून ते घरात एकटे. तब्येत विचारली की "मला काय धाड भरलीय?" म्हणून खेकसत. खेळताना मात्र खोकला, धाप, जेवण झालं की नाही, सगळं हेडफोनमधून कळायचं. जोलीन खेळायची ती एवढ्यासाठीच.

आणि नेमकी गोलच्या तोंडाशी तिची खेळाडू थिजायची.

"पास दे गं! झोपलीस का?"

"मी नाही बाबा, लॅग आहे, चित्रच अडकतंय!"

"खोकं उघड."

"खोक्याचा काय संबंध? लाइनच फडतूस आहे!"

तिने इंटरनेट कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवरची बासरी ऐकून तिचं डोकं फिरलं. समोरच्या मुलाला तिने असं झापलं की पाळण्यातली लेक निना दचकून उठली. मग सगळ्यात वेगवान जोडणी घेतली. लॅग तसाच. मग वायर थेट तळघरातल्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायची म्हणून नवऱ्याला, ड्वेनला, जमिनीला भोक पाडायला बसवलं. ड्रिल गेलं ते हीटरच्या पाइपात. बाहेर उणे तीस, आणि गरम हवा फुस्सकन भलतीकडेच.

"भोक पाडून लॅग जात नाही, एवढं मलाही कळतं," ड्वेन म्हणाला.

"मग पाडलंस कशाला?"

"तू ड्रिल हातात कोंबलंस म्हणून!"

शेवटी शॅनन नावाची तंत्रज्ञ आली. तिने लाइन तपासली, मग खोक्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाई, तुमचा रस्ता आठ पदरी आहे. गाडीच दमेकरी आहे."

झाकण उघडलं. आत पंखा दिसेना. राखाडी गोधडीच होती. शॅननने मान वळवून शेजारच्या कपडे वाळवायच्या ड्रायरकडे पाहिलं. हिवाळ्यात गरम हवा वाया जाऊ नये म्हणून जोलीनने त्याचा पाइप भिंतीतून उपसून तळघरातच मोकळा सोडला होता. निनाच्या लंगोटांची तीन महिन्यांची लव कॉम्प्युटर श्वासागणिक आत ओढत होता.

"तापला की यंत्र स्वतःच पावलं हळू टाकतं. त्यात मेमरी ही एवढीशी," शॅनन म्हणाली. "आणि तो पाइप आत्ताच्या आत्ता भिंतीत घाला. आग लागली असती घराला!"

जोलीन लालबुंद झाली. शॅननवर चिडावं तर ती बरोबर होती, ड्वेनवर चिडावं तर तो हसत होता. तो दात काढत होता म्हणून ती त्याच्यावरच चिडली.

रविवारी पावणेचारला तिने फोनवर कबुली दिली. ओरेस्ट खो खो हसले. "लंगोटं! अगं, लंगोटांनी हरवलं आपल्याला!" मग म्हणाले, "थांब, माझ्याही ड्रायरचं बाहेरचं तोंड बघायला हवं. बर्फाने बुजलं असेल. खेळ लावून ठेवतो, चारला भेटू."

चारला, लव काढून साफ केलेल्या कॉम्प्युटरवर, जोलीनची खेळाडू लोण्यासारखी सरकत होती. मागे गोलमध्ये ओरेस्टचा गोलकीपर मात्र ढिम्म. समोरच्या संघाचा एक गोल झाला, दोन झाले, पाच झाले.

"बाबा, आता तुमचा खटारा अडकला! उघडा खोकं!"

सहावा गोल झाला तरी ती तावातावाने टोमणेच मारत होती. सातव्याला तिच्या लक्षात आलं, की खोकलाही ऐकू येत नाहीये.

तिने त्यांना फोन लावला. वाजत राहिला. मग त्यांच्या शेजारच्या डोनाला लावला. डोना धावली. ओरेस्ट घरामागे, ड्रायरच्या पाइपाखाली, सपाता घालून बर्फात बसलेले. घोटा मुरगळलेला, ओठ निळे, पण तोंड चालू.

"जोलीनला सांग, आलोच," ते डोनावर ओरडले. "किती गोल झाले?"

"सात!" फोनवरून जोलीन रडत किंचाळली. "आणि पुन्हा सपाता घालून बाहेर पाऊल टाकलंत तर याद राखा!"

तुमच्याही पडद्यावर रोजचं कुणी थिजून उभं दिसलं, तर यंत्राला दोष देत बसू नका. फोन लावा. नाही उचलला, तर शेजाऱ्यांना पाठवा. वाचन नंतर करा, आधी बघून या.