ऑरविलने काढलेली हवा

ऑरविल नोव्हॉत्नी सकाळपासून ओट्यापाशी उभा राहून लाल भोपळा ब्रशने घासत होता.

"त्याचं सूप करायचंय मला," त्याची बायको डोरीन म्हणाली. "त्याला घेऊन कुणी मैदानात उतरणार नाहीये. बस की जरा!"

"बसवत नाही गं."

बसवणार तरी कसं? ग्रॅनाइट बेच्या बॅजर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे चेंडू एकतीस वर्षं त्यानेच घासले होते. आपल्याकडे प्रत्येक संघ स्वतःचे बारा चेंडू आणतो आणि स्वतःच्याच चेंडूंनी खेळतो. नवा चेंडू साबणाच्या वडीसारखा सटकतो, म्हणून तो आठवडाभर घासून माणसात आणावा लागतो. आणि त्याच ऑरविलने चेंडूंतली हवा काढून लबाडी केली, असा आरोप गेल्या रविवारी हरलेल्या स्कॉर्पियन्सच्या कोचने केला होता. लीगचे वकील पेलसाहेब आज दहा वाजता निकाल देणार होते. आणि येत्या रविवारी अजिंक्यपदाचा सामना!

"तू हवा काढलीस का?" डोरीनने सरळ विचारलं.

"फुंकरीएवढीसुद्धा नाही."

"मग तसं सांग की!"

"तीच तर पंचाईत आहे," ऑरविल म्हणाला आणि भोपळा उलटा करून दुसऱ्या बाजूने घासू लागला.

पंचाईत सहा वर्षांची होती. डुप्री हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, लुइझियानाच्या उकाड्यातून इथे आला तो ऐन डिसेंबरात. ग्रॅनाइट बेचा डिसेंबर कसा, तर पंचाची शिट्टी ओठांना चिकटते आणि सामन्यानंतर ती कोमट पाण्याने सोडवावी लागते. मी स्वतः किटली धरून उभा राहिलोय, खोटं कशाला सांगू? तर डुप्रीच्या हातातून पहिले सात चेंडू निसटले.

"ऑर्व, दगड भरलेत का यात?" तो कळवळून म्हणाला. "थोडी हवा काढ ना म्हाताऱ्या!"

हवेचा दाब साडेबारा पौंडांच्या खाली गेला की नियमभंग. ऑरविल तर असा माणूस, की रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबून टोपी काढेल. पण पोराचं तोंड बघवेना. तो चेंडू घेऊन कपडे धुण्याच्या खोलीत गेला, दार लावलं आणि समोरच्या पडलेल्या दाताच्या फटीतून तोंडाने आवाज काढला : "स्स्स्स." दहापर्यंत आकडे मोजले आणि चेंडू परत आणून दिला.

डुप्रीने तो दाबून पाहिला. "लोणी! ऑर्व, नुसतं लोणी!"

त्या दिवशी त्याच्या फेकींवर चार टचडाउन झाले, म्हणजे चेंडू चारदा पलीकडच्या टोकाला पोचला. तेव्हापासून दर रविवारी सामन्याआधी बारा चेंडू, बारा वेळा "स्स्स्स". दंतवैद्याने फुकट दात बसवून देतो म्हटलं, तरी ऑरविलने फट बुजवू दिली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर गेल्या रविवारी जिंकण्याच्या भरात डुप्री टीव्हीवर म्हणाला, "श्रेय आमच्या ऑर्वच्या हातांना! तो चेंडूंना काय करतो ते फक्त मला माहीत आहे."

झालं! स्कॉर्पियन्सनी तक्रार ठोकली. पाठोपाठ खोलीबाहेरच्या रखवालदाराची साक्ष झाली. "आतून स्स्स्स असा आवाज आला साहेब. बारा वेळा. मला वाटलं, साप शिरलाय. एवढ्या थंडीत कुठला साप, म्हणून मी आत गेलो नाही."

चेंडू मोजले, तर बरोबर तेरा पौंड. पेलसाहेबांचा संशय आणखी बळावला. "इतकं बरोबर कसं काय?" म्हणून दाब मोजायच्या दुसऱ्या गेजने मोजले. मग स्कॉर्पियन्सच्या माणसाने आपल्या गेजने मोजले, मग बॅजर्सच्या मालकाने, मग एका प्राध्यापकांनी. दरवेळी सुई आत गेली की चिमूटभर हवा बाहेर. बुधवारपर्यंत चेंडू अकरा पौंडांवर आले आणि पेलसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! सापडली ना लबाडी!"

"मी काही केलं नाही म्हणालो, की ते विचारणार, मग स्स्स्स कसलं?" ऑरविल डोरीनला म्हणाला. "ते सांगितलं की नोकरी वाचली. पण डुप्रीला कळणार, की सहा वर्षं तो दगडच फेकत होता. मग रविवारी त्याच्या हातात काय राहील?"

डोरीनने भोपळा काढून घेतला आणि त्याचा कोट पुढे केला. "जा. काय सांगायचं ते सांग. पण परत येताना तोंड पाडून येऊ नकोस."

चौकशीच्या खोलीत ऑरविल खुर्चीच्या कडेवर बसला, उठला, पुन्हा बसला. शेजारी साक्षीला आलेला डुप्री त्याच्याकडे देवमाणसाकडे पाहावं तसा पाहत होता.

"मिस्टर नोव्हॉत्नी," पेलसाहेबांनी चष्मा सावरला, "त्या खोलीत तुम्ही काय करत होता?"

ऑरविलची जीभ दाताच्या फटीत जाऊन बसली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि नेमका डुप्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हवा काढत होतो," ऑरविल म्हणाला. "मी एकट्याने, कुणाला न सांगता."

पेलसाहेबांनी सगळा दोष एकट्या ऑरविलवर ठेवून संघाला सोडलं आणि मालकाने तिथल्या तिथे त्याची एकतीस वर्षांची नोकरी संपवली. वऱ्हांड्यात डुप्री रडवेला झाला. "ऑर्व, आता रविवारी माझं कसं होणार? चेंडूंवर पहारा असणार. दगड घेऊन खेळू?"

ऑरविलने इकडेतिकडे पाहिलं. "येड्या, रविवारचे बाराही चेंडू मी कधीच करून ठेवलेत. हळू बोल. असे केलेत, की कुठल्याच गेजला कळणार नाही."

रविवारी लीगच्या माणसांनी चेंडू सामन्याआधी मोजले, मध्यंतरात मोजले, सामना संपल्यावर मोजले. दरवेळी अगदी नियमात, आणि आकडे त्यांनी टीव्हीवर वाचूनही दाखवले. डुप्रीने पहिलाच चेंडू दाबून "लोणी!" म्हटलेलं पडद्यावर स्पष्ट दिसलं. पाच टचडाउन झाले. घरी ऑरविल सामनाभर येरझाऱ्या घालत होता. डोरीनचे सगळे बूट घासून झाले होते आणि शेजाऱ्यांचेही मागवले होते.

सोमवारी दुपारी फोन वाजला. तक्रार करणारा स्कॉर्पियन्सचा कोच होता, पण आवाज मधाळ.

"नोव्हॉत्नीसाहेब, झालं गेलं विसरून जा. काल सगळ्या देशाने मोजलं, तरी तुमची हवा सापडली नाही! आमच्याकडे या. गेजला न सापडणारी हवा आमच्याही चेंडूंतून काढाल?"

ऑरविलने डोरीनकडे पाहिलं. एकतीस वर्षं एकही नियम मोडला नव्हता, तेव्हा अशी विचारपूस कुणी केली नव्हती.

"काढीन," तो म्हणाला आणि आठवड्यातून पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसला. "पण एक अट आहे. कपडे धुण्याची खोली लागेल. आतून कडी असलेली."