पाय टेकला की नापास

आमच्या गल्लीतले शिवशरणप्पा काका माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. मी सकाळी दूध आणायला निघालो की त्यांच्या कट्ट्यावरून आवाज येतो, "वळताना इशारा न्हाय दिला." मी चालत असतो, पण काकांना त्याचं काही नाही. उभी नोकरी त्यांनी आरटीओच्या मैदानावर खुर्ची टाकून काढली. लोकांनी समोर गाडीवर आठचा आकडा काढायचा आणि काकांनी पायांवर नजर ठेवायची. पाय जमिनीला टेकला की नापास. "तयारी न्हाय. पुढच्या येळी या की."

हे वाक्य निवृत्तीनंतरही त्यांच्या तोंडातून गेलं नाही. लग्नाला बोलावलं तर अक्षता टाकता टाकता नवरदेवाकडे बघून शेजारच्याला सांगतात, "तयारी न्हाय." फळवाल्याच्या गाडीवरचा आंबा हुंगून परत ठेवतात, तेही हेच म्हणून. कॉलेजात असताना मलाही त्यांनी नापास केलं होतं. गाडी मित्राची होती, ब्रेक ढिला होता, हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात एक कुत्री काकांच्या बंद पडलेल्या स्कूटरखाली व्याली. पिल्लं मोठी झाली तशी इकडंतिकडं पांगली आणि शेवटी एक उरलं, एक कान काळा असलेलं. काकांनी जाहीर करून टाकलं की हे पिल्लू एखाद्या पोराला देणार, पण ज्याची तयारी असेल त्यालाच. स्वतःच का ठेवत नाही, असं कुणीतरी विचारलं.

"माज्या गाडीचं फिटनेस संपत आलंय," काका म्हणाले. "त्याच्यापुढं लई रस्ता पडलाय. त्याला अर्ध्या वाटेत उतरवू व्हय?"

आमच्या मुक्ताला, वय वर्षं नऊ, त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. तेच पिल्लू हवं. दुसरं आणतो म्हटलं तर ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी दुसरी मुलगी आणतो म्हणालो.

पण उमेदवार बरेच होते. समोरच्या बंगल्यातले डॉक्टर मुलाला घेऊन आले, अर्णवला. त्यांनी नवी पेठेतून चमचमत्या खड्यांचा पट्टा आणला होता, आईनं 'माय पेट' हा निबंध पाठ करून घेतला होता. काकांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. "पट्टा तयार हाय. पोरगं कुटं हाय?" पोरगं बापाच्या पाठीमागे मोबाइलवर गाडी पळवत होतं. नापास. एका आईनं मुलाची सुट्टीतली संस्कारवर्गाची प्रशस्तिपत्रं दाखवली. काकांनी त्या मुलाला पायातली नवी चप्पल पिल्लापुढे ठेवायला सांगितली. पिल्लानं चपलेचा पट्टा चावला तेव्हा मुलगा गप्प होता, आईच किंचाळली. नापास, आईसकट.

आणि समजा या सगळ्यातून कुणी तरलाच, तर शेवटी पिल्लाला हाक मारून जवळ बोलवायचं. इथे गल्लीतली सगळी हुशार मुलं आडवी झाली. "कम हिअर", "सिट", "गुड बॉय", सगळं झालं. शिट्ट्या झाल्या. एकानं तर चिकन सिक्स्टी फाइव्ह आणलं. पिल्लू खाऊन परत स्कूटरखाली गेलं. पालकांची कुजबुज सुरू झाली की पेपर अवघड काढलाय, काकांना द्यायचंच नाही.

मुक्ता मात्र रोज शाळेतून आली की काकांच्या कट्ट्याच्या पायरीवर बसून राहायची. काही करायची नाही, नुसती बसायची. मला वाटायचं वेळ वाया घालवते.

तिची पाळी आली त्या संध्याकाळी मी आणि बायको दोघेही गेलो. मुक्तानं चप्पल पुढे केली, चावू दिली. दोन विटांभोवती पिल्लाला दोरीनं आठ काढत फिरवलं. पाय कुठे टेकू नये, हे कुत्र्याच्या बाबतीत कसं ठरवतात मला कळलं नाही, पण काका समाधानी दिसले. मग ती लांब जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "बा मरी, बा."

पिल्लू तीरासारखं सुटलं आणि तिच्या मांडीत जाऊन पडलं.

काकांची मान खुर्चीच्या पाठीवरून उठली. "कुणी शिकवलं ग तुला?"

"तुम्हीच म्हणता की. मरी म्हणजे पिल्लू, बा म्हणजे ये. त्याला मराठी येतच नाही काका. त्याच्याशी तुम्ही कन्नडच बोलता."

काका म्हणाले, "पोरीची तयारी हाय." मुक्तानं उडी मारली. काकांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "पोरगी शाळंत गेल्यावर ह्याची घाण कोन काढनार?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"दोघांनी पाय टेकला," काका म्हणाले. "पुढच्या येळी या की."

मुक्ता घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. आईबाप नापास झाल्यामुळे मुलीचं पिल्लू गेलं, ही गोष्ट शेजारी किती चवीनं सांगतील याचाही मला अंदाज होता. दुसऱ्या दिवसापासून बँकेतला अधिकारी असलेला मी हातात वर्तमानपत्र घेऊन भर गल्लीत पिल्लामागे फिरू लागलो. या कामाला संपादकीय पान उत्तम, चटकन भिजत नाही. काका कट्ट्यावरून सूचना द्यायचे. "वाका. अजून वाका. आरशात बघा मागं." शेवटी त्यांनी मला पास केलं. एवढा आनंद मला लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

"आत्ता शिकाऊ परवाना," काकांनी बजावलं. "तपासनीला रोज येनार."

पिल्लू आमच्या घरी आलं आणि काकाही रोज येऊ लागले. संध्याकाळी फाटकाशी उभं राहायचं, आत यायचं नाही. पाणी बदललं का, कान बघितले का, विचारायचं आणि जायचं. आम्हाला वाटलं आठवडाभर चालेल. पावसाळा गेला तरी तपासणी संपेना. बायको म्हणाली, आपल्यावर विश्वास नाही त्यांचा. मलाही तसंच वाटत होतं आणि थोडा रागही येत होता.

काकांच्या बायकोला, महादेवीकाकूंना, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. काकू अक्कलकोटच्या बाजूच्या. दोघांचं घरात सगळं कन्नडमधून चालायचं, भांडणसुद्धा, आणि ते भांडण भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचं. मुलगा हैदराबादला असतो, फोनवर मराठी बोलतो. नातवंडं इंग्रजी बोलतात. काकूंनंतर त्या घरातून आवाज यायचा बंद झाला, आणि पुन्हा ऐकू आला तो स्कूटरखाली पिल्लू आल्यावर. मी ऐकत होतो की. पण म्हातारा कुत्र्याशी बडबडतोय, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

परवा काका नेहमीसारखे फाटकाशी आले. "पाणी बदललं?" मुक्ता पिल्लाला पोटाशी धरून ओसरीत बसली होती. तिनं हो म्हटलं आणि अगदी सहज, स्कूटरपाशी ताटली ठेवताना काका पिल्लाला रोज जे विचारायचे ते तिनं काकांनाच विचारलं.

"ऊटा आत्री?"

जेवण झालं का, एवढंच. काकांनी फाटकाची कडी धरली. "आतव्वा," ते म्हणाले. झालं, बाळ. वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. पाठ आमच्याकडेच होती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि दिसू नये असंच वाटत होतं.

"न्हाय," ते म्हणाले. "जेवलो न्हाय. दोन वर्षांत कुनी इचारलंच न्हाय बघ, म्हनून खोटं निघालं तोंडातनं."

मुक्ता उठली. "बा काका, बा," म्हणाली. पिल्लू आणि काका दोघेही आले. काकांनी पायातल्या चपला काढल्या, पिल्लापासून उंचावर ठेवल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच खाली मांडी घालून बसले. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. भाकरी मोडून त्यांनी एक घास खाल्ला, आणि चटणीत मीठ कमी आहे, तयारी न्हाय, असं काहीही म्हणाले नाहीत.