सर्जेरावांची सुलटी बाजू

मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर भिंतीवर मुलीच्या हातचं भरतकाम दिसलंच पाहिजे. भवानीनगरात त्यासाठी आळीभर मिळून कापडावर भरलेला एकच ताजमहाल होता. असायचा तो तानूबाईंकडे, पण ज्या घरी पाहुणे त्या घरी बिचारा खिळ्याला लटकायचा. सर्जेरावांना याचा भारी राग. त्यांच्या लेकीनं, सारजानं खरोखर मोर भरला होता, स्वतःच्या हातानं! तो फ्रेम करायला ते स्वतः बारामतीला गेले.

परत आले ते फ्रेम गोधडीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन. एसटीत शेजारच्याला टेकूसुद्धा दिलं नाही.

"बघू तरी," त्यांच्या पत्नी दगडाबाई म्हणाल्या.

"हात लावू नगंस! फ्रेमवाल्यानं बजावलंय. ऊन न्हाय, ओल न्हाय, धूळ न्हाय. पाहुणं यायच्या आदी काढू."

पाहुणे यायला घटकाभर वेळ उरला तेव्हा गोधडी सुटली, आणि दगडाबाईंनी कपाळावर हात मारला. काचेआड नुसत्या गाठी आणि लोंबते दोरे. मोराच्या पिसाऱ्यातून जणू कोंबडी चालून गेलेली.

"अवो, ही उलटी बाजू हाय!"

"उलटी कशी? फ्रेमवालाबी असंच म्हनत हुता. मी म्हनलं, गप, मी रोज बगतोय."

खोटं नव्हतं ते. रोज संध्याकाळी सारजा भरतकामाची रिंग धरून बसायची आणि सर्जेराव समोर चहा घेत कौतुकानं बघत बसायचे. समोरून दिसायची ती कापडाची पाठच. त्यांच्या लेखी मोर असाच होता, आणि देखणा होता.

उलटवावा म्हटलं, तर मागं फळी ठोकून वर कागद चिकटवलेला. सर्जेराव पक्कड शोधायला लागले आणि बाहेर जीप वाजली. दगडाबाईंनी मोर खाटेमागं कोंबला, परसातून पळत जाऊन ताजमहाल आणला. सारजा रडकुंडीला आली. मुलगा, राजवर्धन, तिला एका लग्नात भेटला होता आणि मनापासून आवडला होता. आणि त्याच्याच घरच्यांशी पहिल्याच दिवशी लबाडी!

लोणी भापकरहून मुलाचे आईवडील आले होते, गोजरबाई आणि बिरदेवतात्या. गोजरबाईंचं माहेर इथलंच. ताजमहाल दिसताच त्यांना ठसका लागला. तात्या मात्र खूश.

"वा! आमच्या हिनंबी अस्साच भरला हुता. बगायला आलो तवाच मी गार झालो. म्हायेरीच ऱ्हायला बगा त्यो. पोरी, तूच भरलास न्हवं?"

दगडाबाईंनी मागून चिमटा काढला. सारजानं एकवार आबांकडं बघितलं.

"न्हाय. माझा मोर खाटंमागं हाय."

सर्जेराव पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. सारजानं मोर आणून गोजरबाईंच्या पुढ्यात धरला.

"आन् असा उलटा का गं?"

"मी भरताना आबा समोर बसत्यात. त्येंना हीच बाजू दिसती. आवडीनं हीच लावून घेतली त्येंनी. आता उलटी म्हना न्हायतर सुलटी, मला हीच ऱ्हाऊ द्यायची हाय."

सर्जेरावांचे डोळे भरून आले. गोजरबाई बराच वेळ त्या गाठी निरखत बसल्या. मग उठल्या, सारजाचा हात धरून तिला चुलीपाशी घेऊन गेल्या. दगडाबाईंना वाटलं, झालं, मोडलं!

बाहेर तात्यांचा आवाज चढलेला. "काय सांगू सर्जेराव, आमच्या मंडळींच्या हातात अशी कला, पन पुन्ना सुई धरली न्हाय. घरचा व्याप म्हनतीया."

आत गोजरबाईंनी दार लोटून घेतलं आणि सारजाच्या कानाशी लागल्या.

"लगीन पुढच्याच म्हयन्यात करू. पन आल्याबरुबर मला टाका घालाया शिकीव बाई. ह्यो मानूस पंचवीस वर्सं दुसरा ताजमहाल मागतोय!"